अंधाराचा अभ्यासक्रम

माध्यमशास्त्राच्या वर्गात लघुपटाचा प्रकल्प जाहीर झाला की एक-दोन गट तरी हमखास भयपट निवडतात. कारणं समजण्यासारखी आहेत. नट कमी लागतात, संवाद थोडक्यात भागतात, गाण्यांचा प्रश्न येत नाही आणि कर्जतच्या बाजूला कोणाच्या तरी काकांचं फार्महाऊस एका रात्रीपुरतं मिळून जातं. पावसाळा सरला की शनिवारच्या कर्जत लोकलमधून ट्रायपॉडच्या पिशव्या, एलईडी पॅनेल आणि एखादी पांढरी साडी घेऊन उतरणारी मुलं दिसतात. स्टेशन कर्जतला, उल्हास नदी ओलांडली की दहिवली. तिथून रिक्षा किंवा टमटम करून मंडळी कोंदिवड्याच्या दिशेला जातात, रात्रभर शूट करतात आणि सकाळच्या गाडीने परत फिरतात. महिनाभराने वर्गात सात-आठ मिनिटांची फिल्म दाखवली जाते. बंगला, वीज जाणं, आरसा, केस पुढे घेतलेली बाई, किंकाळी, काळा पडदा.

हा प्रकार सोपा समजून निवडला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. सामाजिक विषयावरची फिल्म फसली तरी ‘विषय चांगला होता’ असं म्हणता येतं. विनोदी फिल्म फसली तरी मित्रमंडळी हसून साथ देतात. भयपट फसला की प्रेक्षक हसतो, आणि ते हसू कुठल्याही कारणाने झाकता येत नाही. निकाल तिथल्या तिथे लागतो, तोही विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणूनच नियोजन आणि मूल्यमापन या दोन गोष्टी शिकवायला भयपटाइतका चांगला प्रकार दुसरा नाही, असं माझं मत आहे. आपण मात्र ही संधी बहुतेक वेळा घालवतो, कारण गुण तयार फिल्मला दिले जातात; ती कशी ठरली आणि कशी तपासली, हे वहीच्या शेवटच्या दोन पानांत उरकलं जातं.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पूर्वीचा बीएमएम आणि आताचा बीएएमएमसी शिकायला कर्जत-खालापूरची बरीच मुलं लोकलने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, ठाण्यापर्यंत जातात. आणि त्याच महाविद्यालयांतली शहरी मुलं शूटिंगला उलट्या दिशेने इकडे येतात. नवल याचं वाटतं, की इथली मुलंसुद्धा फिल्म करताना शहरी मुलांसारखाच रिकामा बंगला शोधतात. घराबाहेरची ओढ्याची वाट, पावसात बंद पडलेला रस्ता, आजीने लहानपणी ‘तिकडे तिन्हीसांजेला जायचं नाही’ म्हणून बजावलेली जागा, हे त्यांच्या पटकथेत येतच नाही. खरं तर या तालुक्यांना सिनेमा परका नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली एनडी स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’चे भव्य सेट तिथलेच. देसाई २०२३ मध्ये गेले, पण आसपासच्या गावांत सुतारकाम, रंगकाम केलेली, गर्दीत उभी राहिलेली, जनरेटर सांभाळलेली माणसं आजही आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी बोलावं. थर्माकोलच्या शीटवरून उजेड कसा उडवायचा आणि नको तिथला प्रकाश काळ्या कापडाने कसा कापायचा, हे एखादा लाइटदादा पंधरा मिनिटांत दाखवतो.

भयपटाच्या नियोजनाची सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही, नियमापासून होते. आपल्या लोकपरंपरेतली भुतं पाहिली तर हे लगेच ध्यानात येतं. मुंजा पिंपळावर असतो, आसरा पाण्यात असतात, चकवा शिवेवर आणि माळावर लागतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, कोणाला धरणार हे ठरलेलं आणि सुटका कशी करून घ्यायची तेही ठरलेलं. ऐकणाऱ्याला नियम माहीत असतो म्हणून गोष्टीतला माणूस पिंपळाखाली बसला रे बसला की अंगावर काटा येतो. भूत अजून आलेलंही नसतं. विद्यार्थ्यांच्या फिल्ममधल्या पांढऱ्या साडीतल्या बाईला असा कुठलाच नियम नसतो. ती कुठेही येते, कोणालाही धरते, कधीही जाते. मग प्रेक्षकाला तिची वाट पाहता येत नाही, आणि वाट पाहिल्याशिवाय भीती साचत नाही. मोठा आवाज करून दचकवणं तेवढं उरतं.

मराठी वाचकाला या शिस्तीची सवय जुनी आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथांतली अघोरी शक्ती कितीही अफाट असली तरी तिची काही मर्यादा असते, तिला रोखण्याची काही रीत असते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गूढकथा साध्या मध्यमवर्गीय घरात घडते आणि तिथली एकच गोष्ट जागची हललेली असते. कमी खर्चात फिल्म करणाऱ्यासाठी मतकरींचा हा मार्ग फार मोलाचा आहे, कारण त्याला वाडा लागत नाही, धूर लागत नाही. दोन खोल्यांचं घर पुरतं.

पडद्यावर मात्र मराठी भूत बराच काळ हसवतच आलं. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. ‘पछाडलेला’ (२००४) मधला इनामदार भुसनळे दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला. हे दोन्ही चित्रपट पाहत मोठी झालेली पिढी भूत दिसलं की हसायच्या तयारीनेच बसते. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रेक्षकाची ही सवय नियोजनातच धरायला हवी. भूत जितकं जास्त दिसेल तितकं हसू जवळ, हे आपल्याकडे इतर कुठल्याही प्रेक्षकापेक्षा जास्त खरं आहे.

या पार्श्वभूमीवर दोन चित्रपट शॉट-शॉट सोडवून पाहण्यासारखे आहेत. पहिला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). गर्भवती नेहा (पूजा सावंत) उसाच्या शेतांमध्ये वसलेल्या एका घरात येते; उषा नाईक तिथल्या तुळसाबाई. भीतीचा मोठा भाग भर उजेडात घडतो. उंच वाढलेला ऊस हाच चक्रव्यूह, आणि त्यात लपलेली गोष्ट आहे स्त्रीभ्रूणहत्येची. म्हणजे भुतामागे खराखुरा गुन्हा आहे, तो समाजात घडतो आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे. हाच चित्रपट फुरियांनी २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ नावाने पुन्हा केला. उभ्या उसाला सेट लावावा लागत नाही. विद्यार्थ्यांनी यातून ऊस उचलायचा नाही, रीत उचलायची. कर्जतला ऊस नाही, भात आहे; पण गणपतीच्या सुमारास कमरेएवढी वाढलेली भातखाचरं, मधला अरुंद बांध आणि वर उतरलेलं धुकं यांतही माणूस पुरेसा एकटा पडतो.

दुसरा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारं, आणि बीज धारपांच्या एका कथेचं, ती बर्वेंना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितली होती. म्हणजे ऐकण्यापासून पडद्यापर्यंत पंचवीस वर्षं. खरा पाऊस हवा म्हणून चित्रीकरण अनेक पावसाळ्यांवर पसरलं, हे सर्वांना माहीत आहे. विद्यार्थ्यांनी पाहायची गोष्ट वेगळी आहे. चित्रपटातल्या हस्तर या राक्षसाचा नियम किती साधा आहे! त्याला धान्याची भूक आहे. कणकेची बाहुली टाकली की तो ती खाण्यात गुंततो. तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून मोहरा काढायच्या. बाहुली संपली की वेळ संपली. एकदा हे कळल्यावर नायक विनायक एकाऐवजी जास्त बाहुल्या घेऊन उतरायचं ठरवतो, तेव्हा पुढे काय होणार हे प्रेक्षक स्वतःच मनाशी मांडू लागतो. कोट्यवधींचा खर्च, विदेशी संगीतकार, व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा मान, हे सगळं त्या एका नियमावर उभं आहे. आणि तो नियम कागदावर लिहायला पैसा लागत नाही.

याच धाग्यावर एक खरोखरची विद्यार्थी फिल्म. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात चिदानंद नाईक यांनी केलेल्या सोळा मिनिटांच्या फिल्मला २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ला सिनेफ विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. कन्नड लोककथेवरची गोष्ट: म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही. तिला भयपट म्हणता येणार नाही, पण सगळी रात्रच. चित्रीकरणाला दिवस मिळाले चार. एक नियम आणि चार रात्री, एवढ्यावर ती फिल्म जगभर गेली.

आता कर्जत-खालापूरच्या मुलांनी भीती शोधायची कुठे? इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या अंगावरची ती ठाकरवाडी झोपेतच गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. या पट्ट्यात पावसाच्या रात्रीची भीती ही कल्पनेतली गोष्ट नाही. २६ जुलै २००५ चा पूर, २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस, हे इथल्या प्रत्येक घराला आठवतं. अशा दुःखावर भुताची फिल्म करावी का? माझं उत्तर आहे, त्या वाडीवर नाही, तिच्या नावाने नाही, तिच्या जागेवर जाऊन तर मुळीच नाही. पण पाऊस थांबत नसलेल्या रात्री घरातला कर्ता माणूस न झोपता डोंगराच्या बाजूला कान लावून बसतो, ही भीती सांगण्याचा हक्क इथल्या मुलांना आहे, आणि ती इतर कोणी नीट सांगू शकणार नाही. फरक नियोजनाच्या पहिल्याच पानावर पडतो: गोष्ट ज्यांची आहे त्यांच्यापैकी कोणाला तरी ती आधी वाचून दाखवली का, हा प्रश्न तिथे लिहिलेला असला पाहिजे.

असाच दुसरा खड्डा म्हणजे भगत आणि आदिवासी वाडी. शहरी गटाच्या पटकथेत ठाकर किंवा कातकरी माणूस येतो तो मशाल घेऊन, कवटी घेऊन, अगम्य काहीतरी पुटपुटत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिम गटांपैकी एक. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर हंगामभर राबणारा, जमिनीचा तुकडाही बहुधा नावावर नसलेला. त्याला भीतीचं बुजगावणं करणं हा आळस आहे आणि अन्यायही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्याचा रोख फसवणुकीवर आणि अघोरी कृत्यांवर आहे, कथेवर नाही. भूत दाखवायला कोणाची आडकाठी नाही. पण भगताने साप उतरवला आणि मुलगी उठून बसली, असं दाखवणाऱ्या गटाला मी तोंडी परीक्षेत नक्की अडवेन. पावसाळ्यात इथल्या बांधांवर फुरसं, घोणस, मण्यार खरोखर असतात. याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून लोकांना मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळवण्यात हयात घालवली. ते काम एका लघुपटाने मागे नेऊ नये. आणि शूटिंगलाही तेच लागू: रात्री खाचरात उतरताना गमबूट, टॉर्च, जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आणि एक गाडी तयार. कॉलशीटवर या चार ओळी नसतील तर गटाने कॅमेरा बाहेर काढू नये.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. रेल्वेच्या हद्दीत, वन विभागाच्या जागेत आणि कोंढाण्याच्या लेण्यांसारख्या संरक्षित ठिकाणी ‘फक्त मोबाइलवर करतोय’ हे कारण चालत नाही. रस्त्यावर रात्री किंकाळ्या मारायच्या असतील तर पोलीस ठाण्यात आणि शेजारच्या घरांत आधी सांगून यावं.

कामाची वाटणी हा विद्यार्थी गटांचा जुना दुखरा भाग. सगळे दिग्दर्शक, कोणीच ध्वनी सांभाळायला तयार नाही. इथे रामसे बंधूंची आठवण काढावीशी वाटते. त्यांच्या चित्रपटांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण सात भावांनी कामं कशी वाटून घेतली ते पाहा: कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू कॅमेरा आणि निर्मितीत हातभार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणावरचं एक पुस्तक समोर ठेवून ते काश्मीरमध्ये हाऊसबोटीवर राहून शिकले. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) साठी सगळं कुटुंब आणि नटमंडळी महाबळेश्वरच्या एका विश्रामगृहात राहिली, तिथेच शूटिंग झालं, तिथेच जेवणं झाली. एका जागी राहून, प्रत्येकाने एकच काम धरून फिल्म संपवणं, हे महाराष्ट्राच्या मातीत पन्नास वर्षांपूर्वी घडलेलं उदाहरण कुठल्याही वर्गाला पुरेल.

त्याहून छोटं उदाहरण हवं असेल तर डेव्हिड सँडबर्ग यांची २०१३ मधली ‘लाइट्स आउट’. तीन मिनिटांहून कमी, स्वीडनमधल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, नट एकच आणि तीही त्यांची पत्नी. नियम एका वाक्याचा: दिवा बंद असताना ती दिसते, लावला की नाही. तीन वर्षांनी त्यावर हॉलिवूडने पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) मध्ये तर विद्यार्थीच फिल्म बनवायला जंगलात जातात आणि परतत नाहीत. करणारे दोघे दिग्दर्शक एकाच विद्यापीठात सिनेमा शिकलेले, कॅमेरा नटांच्याच हातात, मुख्य चित्रीकरण आठ दिवसांचं. हलता कॅमेरा हा दोष असतो. इथे गोष्टीनेच त्याला कारण दिलं. साधनांची उणीव गोष्टीच्या नियमात बसवून टाकणं, हा या चित्रपटाचा खरा धडा.

एक दृश्य जवळून पाहू. समजा दहिवलीतल्या गटाची गोष्ट अशी आहे: रात्री उशिराच्या लोकलने उतरलेली मुलगी पायी घरी निघाली आहे. उल्हासच्या पुलावर आल्यावर खालून, नदीच्या बाजूने, आई तिला घरातल्या लाडक्या नावाने हाक मारते. रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात, हाच नियम. फिल्मच्या पहिल्या मिनिटात तो पेरायला हवा, पण शिकवल्यासारखा नको. धाकटा भाऊ दुपारी गच्चीवरून हाक मारतो, ती ओ देत नाही, तो चिडतो, आजी हसून म्हणते, ‘अगं, ही सवय रात्रीची; आत्ता दे की ओ.’ नियम प्रेक्षकाच्या खिशात गेला.

आता पूल. पहिला शॉट लांबून: दिव्यांच्या दोन खांबांमधला काळोखाचा पट्टा आणि त्यात शिरणारी मुलगी. दुसरा तिच्या पाठीमागून, चालीबरोबर. तिसरा नुसता चेहरा, आणि इथे पहिली हाक. खाली पाहणारा शॉट लगेच द्यायचा नाही. प्रेक्षकालाही कठड्यावरून वाकून पाहावंसं वाटलं पाहिजे. ती थांबते, ओ देत नाही, चालू लागते. दुसरी हाक, थोडी जवळून. मग तिचा फोन वाजतो. पडद्यावर ‘आई’. ती उचलते. घरातल्या टीव्हीचा आवाज मागे, आणि आई विचारते, ‘कुठवर पोचलीस?’ यानंतर पडद्यावर काहीही आलं नाही तरी चालेल.

कागदावर हे दृश्य सहा-सात शॉटचं आहे. ते उभं राहतं किंवा पडतं ते ध्वनीवर. खालून येणारी हाक स्टुडिओत बोलून वर प्रतिध्वनीचा मुलामा दिला की लगेच खोटी वाटते. आईचं काम करणाऱ्या नटीला रात्री खरोखर नदीकाठी पाठवून तीस-चाळीस पावलांवरून हाक मारायला लावावी, रेकॉर्डर पुलावर ठेवावा. शेवटचे शब्द वारा खाऊन टाकतो. ते तसंच राहू द्यावं. बेडूक आणि रातकिडे माणूस जवळ गेला की गप्प होतात. त्यांचा आवाज मिनिटभर स्वतंत्र टिपून ठेवला, तर दुसऱ्या हाकेच्या क्षणभर आधी तो एका बाजूने थांबवता येतो. खाली कोणीतरी चालतंय, हे प्रेक्षकाला न दाखवता कळतं. कर्जत स्टेशन जवळ आहे, तेही कामी येतं: बोरघाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिनं इथेच जोडतात, आणि रात्रीच्या शांततेत त्यांची शिटी दहिवलीपर्यंत ऐकू येते. इथल्या माणसाला ती शिटी घरची आहे. नेमकी ती ऐकू आली आणि मुलीचा जीव भांड्यात पडला, त्यानंतरच दुसरी हाक यावी. इंटरनेटवरून उतरवलेले व्हायोलिनचे तीव्र सूर यापुढे फिके पडतात, शिवाय त्यांचा स्वामित्वहक्क दुसऱ्याचा असतो.

उजेडाबद्दल एक इशारा. काळोख दाखवायचा म्हणून काळोखात शूट केलं की मोबाइलचा कॅमेरा आयएसओ चढवतो आणि चित्रात दाणे उठतात. रात्र दाखवायला प्रकाश लागतो, फक्त तो मागून आणि बाजूने यायला हवा. पावसात आणखी एक गंमत: थंड गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवणं हेही नियोजनच.

आता मूल्यमापन, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. इंग्लंडमधल्या एका परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीजच्या अभ्यासक्रमात, बारावीच्या वयाच्या मुलांना, काही वर्षांपूर्वीपर्यंत लघुपटाबरोबर पोस्टर आणि मासिकातलं परीक्षणाचं पान करावं लागे, आणि नंतर चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. थोडक्यात: तुमच्या फिल्मने या प्रकारातले संकेत कुठे पाळले, कुठे मोडले? फिल्म आणि पोस्टर एकमेकांना कितपत साथ देतात? प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांतून काय शिकलात? कुठल्या टप्प्यावर कुठलं तंत्र कसं वापरलं? प्रश्न चांगले आहेत. भयपट निवडणाऱ्या तिथल्या गटांनी त्यांवर पानंच्या पानं लिहिली. पण मुलं हुशार असतात. तिसऱ्या प्रश्नाला ‘प्रेक्षकांना फिल्म आवडली, काहींना शेवट कळला नाही’ असं लिहून मोकळी होतात. आपल्याकडे अहवालात हेच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सापडतं. आवडणं ही भयपटाची मोजपट्टीच नाही.

त्याऐवजी रफ कट झाल्यावर, रंग आणि अंतिम ध्वनी बाकी असताना, पटकथा न वाचलेल्या पाच-सहा माणसांना फिल्म दाखवावी. शक्य तर एकेकट्याला, कारण घोळक्यात एक हसला की सगळे हसतात. त्यांच्या संमतीने समोर एक फोन ठेवून चेहरे टिपावेत. नंतर चेहऱ्यांची चित्रफीत आणि फिल्म शेजारी-शेजारी लावून सेकंदांचा तक्ता करावा: कुठे मान पुढे आली, कुठे नजर फोनकडे गेली, कुठे दचकले, कुठे हसले. हसण्याचेही प्रकार असतात. दचकल्यानंतरचं सुटकेचं हसू ही दाद आहे. भूत आल्याबरोबर फुटलेलं हसू हा निकाल. ते वेगळे ओळखायला शिकणं हे दिग्दर्शकाच्या शिक्षणातलं एक मोठं काम आहे, आणि ते वर्गात शिकवता येतं.

पुलाच्या दृश्यावर हे करून पाहिलं तर काय दिसू शकतं? समजा बहुतेक जण फोनच्या रिंगला दचकले आणि ‘आई’ हे नाव वाचून काहीच झालं नाही. म्हणजे दचका मिळाला, भीती हुकली. कारण शोधावं लागेल: रिंग फार मोठी होती का? की पहिली हाक आईचीच होती हे प्रेक्षकाला कळलंच नव्हतं? दुसरं असेल तर दोष पुलावर नाही, पहिल्या मिनिटात आहे. आईचा आवाज आपण आधी एकदाही ऐकवलेला नाही. मग सकाळच्या घरात आईची एक हाक, त्याच नावाने, त्याच सुरात, भरावी लागेल. अर्ध्या दिवसाचं फेरचित्रण. हा शोध, हा निर्णय आणि हा बदल म्हणजेच मूल्यमापन.

आणखी एक तपासणी कोणी करत नाही: फिल्म जिथे दाखवली जाणार तिथे आधी लावून पाहणं. लॅपटॉपवर सुंदर दिसणारा काळोख वर्गातल्या प्रोजेक्टरवर, खिडकीच्या पडद्याच्या फटीतून ऊन येत असताना, नुसता करडा लगदा होतो. बेडकांचा आवाज हेडफोनमध्ये डावीकडून थांबतो. वर्गातल्या एकुलत्या स्पीकरला डावी-उजवी बाजूच नसते. परीक्षकाने न पाहिलेल्या सावलीला गुण कसे मिळणार?

माझी सूचना अशी आहे. निम्मे गुण वहीला द्यावेत. त्या वहीत प्रत्येक मोठा निर्णय तारखेसह असावा: काय ठरलं, कशासाठी, नंतर काय बदललं आणि कोणत्या पुराव्यावर. कापून टाकलेले शॉटही सादर करावेत. फेकलेलं पाहिलं की विचार कळतो. तोंडी परीक्षेत ध्वनी सांभाळणाऱ्याला ध्वनीबद्दलच विचारावं, दिग्दर्शकाला त्याच्या वतीने बोलू देऊ नये. आणि ज्या गटाची फिल्म फसली पण का फसली हे ज्याने सेकंदावर बोट ठेवून दाखवलं, त्याला उत्तीर्णांच्या शेवटच्या रांगेत बसवू नये. हे शेवटचं काही सहकाऱ्यांना पटत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं, बाजारात फिल्मच पाहिली जाते, वही नाही. खरं आहे. पण मुलं अजून बाजारात नाहीत, वर्गात आहेत, आणि ‘तुंबाड’लाही २०१८ मध्ये तिकीटबारीवर मिळाला नाही तेवढा प्रेक्षक २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात मिळाला. पहिल्या दिवशीच्या टाळ्यांवर सगळं तोलणं बाजारालाही नेहमी जमलेलं नाही.

एक खेळ महाविद्यालयाबाहेर व्हावा. जिथे शूट केलं त्या दहिवलीत, एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा देवळाच्या सभामंडपात, ज्यांच्या दाराशी रात्री दिवे लावले होते त्या लोकांसमोर. त्यांना पूल माहीत आहे, नदी माहीत आहे, इंजिनाची शिटी माहीत आहे, त्यामुळे खोटं लगेच पकडलं जाईल. खेळ संपल्यावर त्यांना ‘घाबरलात का?’ असं विचारू नये. मुलांचं मन राखायला लोक हो म्हणतात. ‘त्या मुलीने काय करून चाललं नसतं?’ असं विचारावं. मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी आणि पुढे बसलेल्या पोरांनी दोघांनीही ‘ओ देऊन चाललं नसतं’ असं उत्तर दिलं, तर त्या गटाच्या नियोजनाचे पूर्ण गुण मी तिथेच मांडून टाकेन.